क्लिम्टची ओळख आणि नक्षी: सोनेरी कागद हातात देण्याआधी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिलीच्या बत्तीस मुलांना तुम्ही गुस्ताव क्लिम्ट या ऑस्ट्रियन चित्रकाराची ओळख करून दिली, त्याच्या प्रसिद्ध वृक्षाची बाह्यरेषा छापून दिली, मुलांनी त्यावर सोनेरी घोटीव कागदाचे तुकडे चिकटवले, प्रदर्शन देखणे झाले आणि पालकांनी फोटोही काढले. मग एक मुलगा भिंतीसमोर उभा राहून म्हणाला, "बाई, यातलं माझं कुठलं?" तेव्हापासून तुमच्या मनात आहे की मुलांना यातून चित्रकार कळला का, नक्षी कळली का, आणि पुढच्या वर्षी हेच करावे की दुसरे काही. मी एकवीस वर्षे प्राथमिक वर्गांना चित्रकला शिकवते आहे, आणि सुरुवातीची चार-पाच वर्षे मीही अशाच छापील बाह्यरेषा वाटत होते, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते.

माझ्या मते तुमची खरी अडचण सोनेरी कागदाची नाही. नक्षी काढणाऱ्याला सतत काहीतरी ठरवावे लागते: कोणता आकार घ्यायचा, तो किती अंतराने पुन्हा आणायचा, त्याच्या शेजारी काय ठेवायचे आणि कुठे हात आवरायचा. तुमच्या उपक्रमात हे सगळे आधीच ठरलेले होते, मुलांच्या वाट्याला फक्त चिकटवणे आले, आणि म्हणून त्या मुलाला स्वतःचे झाड सापडले नाही. एरवी मूल स्वतःचे चित्र शंभर चित्रांतून ओळखते, कारण त्यात त्याने काय केले ते त्याला आठवत असते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तीन-चार वर्षांच्या मुलांना चित्रकाराच्या नावाचा फारसा उपयोग नसतो. त्यांच्याबरोबर मी फक्त कापडे, बटणे आणि ठसे घेते. पाच ते सात या वयात चित्रकार हा एक माणूस होता, त्याला आईवडील होते, तो कुठेतरी राहत होता, हे मुलांना आवडते आणि लक्षातही राहते. वर्गात पंधरा मुले असतील तर गप्पा मारत शिकवता येते. बत्तीस असतील तर चार-चारचे गट करून प्रत्येक गटाला एक मोठी प्रत द्यावी लागते. तुमच्याकडे कार्यानुभवाचा एकच तास असेल तर क्लिम्ट आणि नक्षी हे दोन्ही त्यात बसवू नका. मला किमान तीन तास लागतात, आणि पहिल्या तासात मी क्लिम्टचे नावही काढत नाही.

पहिला तास नियमाचा. प्रत्येक गटाला मूठभर चवळी, मूठभर राजमा आणि काही बटणे देते. एक मूल जमिनीवर रांग लावते: दोन चवळ्या, एक बटण, दोन चवळ्या, एक बटण. पुढच्याने ती रांग न विचारता पुढे न्यायची. ती नेता आली म्हणजे नियम सापडला. मग एकाने मुद्दाम एका जागी नियम मोडायचा आणि बाकीच्यांनी चूक शोधायची. या खेळात मुले नक्षीबद्दल जे शिकतात ते मला फळ्यावर शिकवता आलेले नाही: नक्षीला आतून एक शिस्त असते, आणि ती मोडली की डोळा तिथेच अडतो. शेवटची दहा मिनिटे मी एक पैठणी उलगडते. काठ कुठे आहे, मोर कुठे आहेत, मधल्या अंगावर किती कमी काम आहे आणि जरीचे काम कुठे जास्त दिसते, एवढेच विचारते. आमच्या मुलांनी लग्नकार्यात हे कापड जवळून पाहिलेले असते, पण त्याकडे असे पाहिलेले नसते. नक्षी कुठे दाट होते आणि कुठे थांबते, हा प्रश्न इथे पहिल्यांदा वर्गात येतो आणि पुढचे दोन तास आम्ही त्यालाच धरून राहतो.

दुसऱ्या तासाला क्लिम्ट येतो. माहितीची जंत्री नको. चार मिनिटांत सांगून होईल एवढीच गोष्ट सांगावी. 1862 साली व्हिएन्नाजवळच्या बाउमगार्टेन या गावी एक मुलगा जन्मला. घरात सात भावंडे आणि पैशांची ओढाताण. वडील सोन्यावर कोरीवकाम करायचे. चौदाव्या वर्षी हा मुलगा व्हिएन्नाच्या उपयोजित कलेच्या शाळेत गेला, जिथे भिंती आणि छते सजवण्याचे काम शिकवत असत. पुढे त्याने भाऊ आणि एक मित्र यांच्याबरोबर मोठमोठ्या इमारती रंगवल्या. मोठा झाल्यावर, 1903 साली, तो इटलीतल्या रावेन्ना गावी गेला आणि तिथल्या जुन्या चर्चमधली हजारो लहान तुकड्यांची सोनेरी भित्तिचित्रे पाहून आला. त्यानंतरच्या काही वर्षांत त्याच्या चित्रांतले सोने वाढत गेले. इथे वडिलांचे काम आणि मुलाची चित्रे यांची सांगड मुले आपणहून घालतात. एका वर्षी वर्गात एक मुलगी होती, तिचे वडील सराफाच्या कारखान्यात दागिन्यांना चकाकी द्यायचे. गोष्ट संपताच ती उभी राहून सोन्याची धूळ कशी गोळा करून ठेवतात ते सांगू लागली आणि तो तास तिचाच झाला. अशा वेळी ठरवलेले बाजूला ठेवावे.

सोन्याबद्दल बोलताना मी एक वस्तू आवर्जून नेते: मिठाईवर लावतात तो चांदीचा वर्ख, कागदाच्या घडीत ठेवलेला. घडी उघडते आणि सगळ्यांना श्वास धरायला सांगते. मग एकाला हळूच फुंकर घालू देते. वर्ख उडतो, सुरकुततो, बोटाला चिकटला की निघत नाही. क्लिम्टने तैलरंगांबरोबर असाच, पण सोन्याचा, वर्ख वापरला होता हे एवढ्याने मुलांना पुरते कळते. घोटीव सोनेरी कागद आणि वर्ख यांतला फरक बोटांना कळल्यावर "सोनं म्हणजे पिवळा चकचकीत कागद" ही समजूत आपोआप जाते.

आता कोणती चित्रे दाखवावीत. इथे जरा सावध राहायला हवे, कारण क्लिम्टची बरीच चित्रे आणि रेखाटने मोठ्यांसाठी आहेत. वर्गातल्या पडद्यावर त्याचे नाव टाकून मुलांसमोर चित्रे शोधू नका. आधी निवडून मोठ्या आकारात छापून न्या. माझ्या निवडीत तीन-चारच चित्रे असतात. पहिले 1912-13 मधले मेडा प्रिमावेसी या नऊ वर्षांच्या मुलीचे, जे आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे. पांढऱ्या फ्रॉकमधली ही मुलगी पाय रोवून, थेट आपल्याकडे पाहत उभी आहे. फ्रॉकवर फुले, मागच्या जांभळट पार्श्वभूमीवरही फुले. मुलांना ती आपल्यातली वाटते, "ती कंटाळली असेल का उभं राहून?" हा प्रश्न दर वर्षी येतोच. दुसरे 'द पार्क' हे 1909-10 चे निसर्गचित्र. त्याचा बहुतेक सगळा भाग हिरव्या, निळ्या, पिवळ्या ठिपक्यांनी भरला आहे, आणि अगदी खाली झाडांचे बुंधे दिसतात म्हणून ती पाने आहेत हे कळते. खालचा पट्टा कागदाने झाका आणि हे काय आहे ते विचारा. मग कागद काढा. मुले जे ओरडतात ते ऐकण्यासारखे असते.

'द किस', म्हणजे एकमेकांना बिलगलेल्या स्त्री-पुरुषाचे क्लिम्टचे सोनेरी चित्र, दाखवावे का, असेही तुम्ही विचारले आहे. ते तुमची शाळा आणि तुमचे पालक यांच्यावर अवलंबून आहे, आणि त्यात माझा आग्रह नाही. काही वर्गांत मुले हसून लोळतात आणि पुढे काही होत नाही. काही वर्गांत दोन मिनिटांत हसू ओसरते. पण नक्षी शिकवण्यासाठी याहून चांगले चित्र माझ्या पाहण्यात नाही, म्हणून मी एक वाट काढली आहे. पुठ्ठ्याला दोन चौकोनी खिडक्या कापते आणि तो पुठ्ठा चित्रावर ठेवते. एका खिडकीतून पुरुषाच्या झग्याचा तुकडा दिसतो: काळे, पांढरे, राखाडी उभे आयत. दुसरीतून स्त्रीच्या वस्त्राचा: गोल, फुले, रंगीत चकत्या. ही दोन वेगवेगळ्या माणसांची कापडे आहेत एवढेच सांगते आणि कोणते कापड कसे वाटते ते विचारते. टोकदार, कडक, विटांसारखे एक. मऊ, बागेसारखे दुसरे, असे शब्द मुलेच देतात. सोनेरी रंगात दोघे इतके मिसळून गेले आहेत, तरी कोण कुठे संपते ते नक्षीमुळे कळते. पुठ्ठा पूर्ण उचलायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. क्लिम्ट स्वतःही निसर्गचित्रासाठी जागा निवडताना पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून पाहत असे, असे त्याने एका पत्रात लिहिले आहे. हे सांगितले की प्रत्येक मुलाला स्वतःची खिडकी हवी असते, आणि मधल्या सुटीत सगळी शाळा त्यातून पाहिली जाते.

पुठ्ठा उचललात तर मुलांना फक्त एक गोष्ट शोधायला सांगा: नक्षी कुठे नाही? चेहरे, हात, पावले. एवढ्या दाट कामात तेवढी कातडी मोकळी ठेवली आहे, म्हणून आपली नजर तिथे जाते. मेडाच्या चित्रातही तेच आहे. मला क्लिम्टबद्दल लहान मुलांना एकच गोष्ट सांगायची असेल तर मी हीच सांगते, की त्याला भरणे जितके येत होते तितकेच मोकळे सोडणेही येत होते. पुढे यांतली काही मुले एलिमेंटरीच्या परीक्षेला संकल्पचित्राचा कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरून टाकतात आणि त्यांना कुठे थांबावे ते सुचत नाही. ती सवय पहिली-दुसरीतच लागलेली असते.

चित्राचा आकार सांगायला विसरू नका. 'द किस' 180 सेंटिमीटर लांब आणि तितकेच रुंद आहे. पुस्तकात ते तळहाताएवढे दिसते. मी खडूने जमिनीवर तेवढा चौकोन आखते. त्यात पहिलीची सहा मुले शेजारी शेजारी आडवी झाली तरी डोक्याशी आणि पायाशी जागा उरते.

आता तुमच्या झाडाकडे येते. ते झाड मुळात चौकटीतले चित्र नाही, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. ब्रसेल्समध्ये स्टोक्ले नावाच्या श्रीमंत कुटुंबासाठी योझेफ होफमान या वास्तुरचनाकाराने घर बांधले, आणि त्याच्या जेवणघराच्या भिंती क्लिम्टकडे सोपवल्या. क्लिम्टने कागदावर पूर्ण मापाची चित्रे केली. ती आज व्हिएन्नाच्या उपयोजित कलेच्या संग्रहालयात आहेत. मग कारागिरांनी संगमरवर, काच, मीनाकाम, सोने यांतून 1911 च्या सुमारास ते भिंतीवर उतरवले. म्हणजे ज्याने आखले तो एक आणि ज्यांनी घडवले ते अनेक. हे कळले की एखादे मोठे झाड चार जणांनी मिळून करण्यात मुलांना गैर वाटत नाही, आणि बत्तीस जणांच्या वर्गाला तर ते सोयीचेच पडते.

या झाडाच्या फांद्या वेटोळ्यांच्या आहेत, आणि सहा वर्षांच्या हाताला वेटोळे वाटते त्याहून अवघड जाते. मुले बाहेरून सुरुवात करतात, आत जाता जाता जागा संपते आणि रेघेवर रेघ चढते. त्यांना मध्यापासून बाहेर यायला शिकवा: आधी हवेत हात फिरवून, मग ओल्या मातीवर किंवा पाटीवर, मग सुतळीने. पुठ्ठ्यावर डिंक पसरायचा, सुतळीचे टोक मधे दाबायचे आणि एका बोटाने गुंडाळत बाहेर यायचे. शेवटी उरलेली सुतळी लांब सोडली की तीच फांदी होते. त्या फांदीच्या अंगावर पुढच्याचे वेटोळे. असे करत गेले की कोणी न सांगता वेटोळी लहानमोठी होतात, जशी भिंतीवरच्या झाडातही आहेत. छापील रेषा पूर्ण सोडा, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या मुलाला बोटांची पकड अजून नीट जमत नाही, त्याला मी पातळ रेषेने बुंधा काढून देते आणि बाकी त्याच्यावर सोडते. मदत एकाला लागते म्हणून बत्तीस जणांना देऊ नये, एवढेच.

तिसऱ्या तासाला मुले स्वतःचे चित्र करतात. विषय झाडाचा नसून माणसाचा असतो: घरातली दोन माणसे, शेजारी उभी किंवा एकमेकांना बिलगलेली. चेहरा, हात, पाय मोकळे. कपड्यांवर नक्षी, पण प्रत्येकाच्या कपड्याचा नियम वेगळा. आजीच्या लुगड्याला कोणता आकार शोभेल आणि बाबांच्या शर्टाला कोणता, आणि का, हे मूल मला आधी तोंडी सांगते. एका मुलाने आजोबांच्या सदऱ्यावर नुसते चौकोन काढले आणि आजीच्या पातळावर आत आत जाणारी वर्तुळे. विचारल्यावर म्हणाला, "आजी भाकरी करते ना, आणि आजोबा कॅरम खेळतात." मला यापुढे काही शिकवायचे उरले नव्हते.

सोने सर्वांत शेवटी आणि थोडे. प्रत्येकाला दोन बोटे रुंद आणि करंगळीएवढी लांब अशी एकच पट्टी मिळते. तुमच्या प्रदर्शनात ढीगभर सोनेरी कागद होता, त्यामुळे तो कुठे लावावा हे कोणाला ठरवावेच लागले नाही. एकच पट्टी असली की मूल तिचे तुकडे करण्याआधी बराच वेळ चित्राकडे पाहत बसते. कोणी सगळे सोने आईच्या बांगड्यांना देते, कोणी एक-एक टिकली नियमाने पेरते. पट्टी कापताना एखाद्याची चुरगळली तर मी दुसरी देते, पण मोठी देत नाही. तेलखडूने आधी रंगवलेल्या जागेवर कागद नीट चिकटत नाही, म्हणून सोन्याची जागा कोरी ठेवायला आधीच सांगा. नाहीतर दुसऱ्या दिवशी जमिनीवर टिकल्या सापडतात आणि मुले रडवेली होतात.

थोडक्यात क्रम असा: आधी कडधान्यांचा नियम आणि कापडाचा काठ, मग सोनारकाम करणाऱ्या वडिलांच्या मुलाची गोष्ट आणि तीन-चार निवडक चित्रे, मग स्वतःच्या घरातली दोन माणसे आणि शेवटी सोन्याची एक पट्टी. वेळ फारच कमी असेल तर गोष्ट गाळा, पण कडधान्यांचा खेळ गाळू नका.

तुम्ही वारली आणि क्लिम्ट एकत्र करण्याची कल्पनाही मांडली आहे. मी तसे करत नाही, आणि कारण सांगते. वारली चित्रांतले त्रिकोण म्हणजे माणसांची शरीरे आहेत; लग्नाचा चौक घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिला जातो आणि त्यामागे एक विधी आहे. क्लिम्टचे त्रिकोण कापडावरचे आहेत. दोन्ही एकत्र कालवले की मुलांना दोन्हींतले काही कळत नाही, फक्त त्रिकोण दिसतात. वारलीसाठी स्वतंत्र तीन तास काढा. ती त्या योग्यतेची आहे. पैठणी मी फक्त प्रश्न विचारायला आणते, तिच्यावर सोनेरी झाड काढून घ्यायला नाही.

मुख्याध्यापकांना आणि पालकांना प्रदर्शन "क्लिम्टचे" दिसायला हवे, ही तुमची अडचण मी समजू शकते. त्यासाठी मी एक मोठी छापील प्रत मधे लावते, आणि प्रत्येक मुलाच्या चित्राखाली त्याने सांगितलेला नियम त्याच्याच शब्दांत लिहिते: "आईला ठिपके, कारण ती पाऊस आवडतो म्हणते. काकाला रेघा." पालक आधी मधल्या प्रतीकडे पाहतात, मग खालच्या ओळी वाचू लागतात आणि तिथेच रेंगाळतात. पाठीमागे नाव घालायला लावण्याऐवजी ही ओळ पुढे लिहिली की कोणते चित्र कोणाचे हा प्रश्न निघत नाही.

आणि भिंतीवरची ती बत्तीस झाडे काढून टाकू नका. स्टोक्ले घरातल्या झाडावर एक काळा पक्षी बसलेला आहे. तो मुलांना दाखवा. मग प्रत्येकाला तळहातात मावेल एवढा कागद द्या आणि आपल्या झाडावर कोण बसेल ते काढायला सांगा: पक्षी, माकड, मांजर, हवे ते, फक्त त्याच्या अंगावर स्वतः ठरवलेला एक नियम हवा. ज्या मुलाने "माझं कुठलं?" विचारले होते, त्याला आधी बोलवा आणि बत्तीसांपैकी कोणतेही एक झाड निवडू द्या.